उद्यानांचा पैसा आणि क्षेत्रसभेचा हक्क

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि नांदेड-वाघाळा व लातूर या मराठवाड्यातील दोन शहरांच्या सभागृहांत पुन्हा एकदा लोकांनी निवडून दिलेले सदस्य बसले. दोन्ही ठिकाणच्या आधीच्या सभागृहांची मुदत २०२२ सालीच संपली होती. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात या शहरांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, स्थायी समितीने ते तपासावे आणि सर्वसाधारण सभेने त्यावर चर्चा करून मंजुरी द्यावी, असा कायद्याने घालून दिलेला क्रम आहे. प्रशासकीय राजवटीत मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी तीन वर्षांची अंदाजपत्रके या रीतीने संमत झाली. त्यांत काय होते आणि काय नव्हते याविषयी एकाही प्रभागात जाहीर विचारणा झाली नाही, याचे फारसे कोणाला वैषम्य वाटले नाही, हे अधिक चिंताजनक म्हटले पाहिजे.

सभागृहे परत आली म्हणजे लोकशाही परत आली, असे मानून स्वस्थ बसण्याची आमची तयारी नाही. नगररचना आणि सार्वजनिक उद्याने या एकाच विषयापुरते पाहिले तरी लोकांच्या वाट्याला काय आले आहे ते दिसून येते.

उद्यानांचा विषय काढला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. नळाला पाणी नाही, गटारे तुंबली आहेत, आणि तुम्हाला बागा कसल्या सुचतात? आक्षेप घेणारे बहुधा स्वतःच्या अंगणातील झाडाखाली बसून तो घेत असतात. ज्याच्या बंगल्याभोवती मोकळी जागा आहे, ज्याच्या मुलाला खेळण्यासाठी क्लबाचे सभासदत्व आहे, त्याला सार्वजनिक उद्यान नसले तरी चालते. ते हवे असते एका खोलीत सहा माणसांचा संसार मांडणाऱ्या बाईला. ते हवे असते लातूरच्या बाजार समितीत तूर-सोयाबीनची पोती वाहून दुपारी पाठ टेकण्यास सावली शोधणाऱ्या हमालाला. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीने आकर्षित होऊन आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली आणि दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पुस्तकांसह कोंडून घेतलेली हजारो मुले संध्याकाळी जाणार कोठे? उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या या प्रदेशात सावलीची सार्वजनिक जागा ही चैन ठरवावयाची असेल, तर मग गरज कशाला म्हणावयाचे तेही एकदा ठरवून टाकावे.

केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नागरी नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरमाणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्याला धरून आणि खालचे प्रमाण घेऊन हिशेब केला तरी साडेपाचशे हेक्टर जागा लागते. नांदेडकरांनी विसावा उद्यानापासून आरंभ करून आपल्या ओळखीच्या बागा बोटांवर मोजून पाहाव्यात. लातूरकरांनी नाना-नानी पार्कपासून मोजणी सुरू करावी. बेरीज कोठवर जाते हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

जागा नाहीत याचे एक कारण या शहरांच्या वाढीच्या पद्धतीत आहे. शेतजमिनीचे गुंठा-गुंठ्याने तुकडे पाडून विकावयाचे आणि घेणाऱ्याने त्यावर जमेल तशी चार भिंतींची सोय करावयाची, ही गुंठेवारीची रीत. अधिकृत रेखांकनात ठरावीक क्षेत्राच्या वर किमान दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. गुंठेवारीत ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विकणारा पैसे घेऊन निघून जातो. राज्य सरकारने २००१ साली कायदा करून अशी बांधकामे नियमित करण्याचा मार्ग काढला आणि २०२१ मध्ये त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. घरे नियमित झाली हे योग्यच झाले, कारण ती कष्टाच्या पैशातून बांधलेली होती. परंतु मोकळ्या जागेची तूट कागदावर नियमित करता येत नाही. तिथल्या मुलांचे मैदान म्हणजे रस्ता.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्याची चर्चा सभागृहांत अभावानेच ऐकू येते. विकास आराखड्यात उद्यानासाठी, मैदानासाठी जागा आरक्षित होतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ सांगते की, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतरच्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये ती एक वर्ष आणि २०१५ मध्ये दोन वर्षे झाली. महापालिकेने ठराव करून सरकारकडे प्रस्ताव धाडला, एवढ्याने पाऊल पडले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे वेळेवर पैसा उभा केला नाही, की गरिबांच्या मुलांचे मैदान मालकाच्या स्वाधीन होते. त्यासाठी लाच द्यावी लागते असेही नाही. नोटीस दाखल होते, फाईल एका मेजावर पडून राहते, मुदत उलटते. कोणी काही केले नाही म्हणून आरक्षण गेले, आणि न करणाऱ्याचे नाव कोठेच नोंदले जात नाही! आम्हाला विचारावयाचे आहे ते इतकेच की, २०२२ ते २०२६ या सभागृहाविना गेलेल्या काळात दोन्ही शहरांत अशा किती नोटिसा आल्या आणि त्यांचे काय झाले?

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी बंद गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप गिरणीच्या बांधकामविरहित मोकळ्या जमिनीपुरते आकुंचित केले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. गिरणगावात उद्याने व्हावयाची तेथे मनोरे उभे राहिले. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या नांदेडला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

आता लोकसहभागाकडे वळू. हा शब्द अलीकडे प्रत्येक सरकारी पुस्तिकेत आढळतो, म्हणूनच त्याचा कायदेशीर अर्थ नीट पाहावयास हवा. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे त्या मर्यादेच्या वर आहेत. त्याच दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात उद्याने, बागा व क्रीडांगणे हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदविला आहे. गंमत अशी की, महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात उद्याने ही आजही ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत मोडतात. दिवाबत्ती करावीच लागते. बाग केली तर केली.

पुढे २००५ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान आले. महाराष्ट्रातील जी मोजकी शहरे त्यात घेतली गेली त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीला नांदेड होते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहराचे रूप पालटले, रस्ते रुंद झाले, गोदावरीच्या काठाला नवी कळा आली. हे श्रेय आम्ही नाकारीत नाही. मात्र या अभियानाच्या पैशाबरोबर एक अट होती, ती म्हणजे राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा. महाराष्ट्राने २००९ मध्ये तो केला. त्यानुसार शेजारशेजारच्या मतदान केंद्रांच्या हद्दीतील सर्व मतदारांची मिळून एक क्षेत्रसभा व्हावी, वस्तीतील कामांची गरज आणि त्यांचा अग्रक्रम तिने सुचवावा, अशी योजना आहे. खेड्यात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. अनुदानाचा पैसा आला, खर्च झाला, अभियानही संपले; क्षेत्रसभा मात्र राज्यातील बहुतेक शहरांत कायद्याच्या पुस्तकातून बाहेर पडलीच नाही. ज्या नांदेडला या अटीच्या पैशाचा लाभ झाला, त्या नांदेडवर तरी तिचे ऋण आहे.

नगरसेवकांना ती नकोशी का वाटते, हे समजण्यासारखे आहे. नांदेडमध्ये २० प्रभागांत ८१ सदस्य आहेत, लातुरात १८ प्रभागांत ७०. एका प्रभागाला साधारणपणे चार नगरसेवक. बाग का वाळली हे नागरिकाने विचारावयाचे झाले, तर चौघांपैकी कोणाला? प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. क्षेत्रसभेत चौघांनाही एकाच सतरंजीवर बसून उत्तर द्यावे लागेल.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गावाला आणि जिल्ह्याला सत्तेबरोबर पैशाचाही वाटा मिळावा, असा तिचा आशय होता. सूचना ऐकून घेणे आणि निधी वाटण्याचा अधिकार देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्राझीलमधील पोर्तु आलेग्री शहराने १९८९ पासून नागरिकांच्या सभांतून अंदाजपत्रकाचे अग्रक्रम ठरविण्यास आरंभ केला. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करून योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती सोपविला. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामे मागविण्याची पद्धत पाडली. पण तेथे एकंदर अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम किरकोळ राहिली आणि अर्ज भरण्याची सवड व सवय असलेल्या वस्त्यांचाच आवाज अधिक ऐकू आला. हा धोका इथेही आहे. सभा सकाळी अकरा वाजता महापालिकेच्या सभागृहात घेतली, तर निवृत्त अधिकारी आणि व्यापारी येतील; मोलकरीण आणि रिक्षाचालक येणार नाहीत. सभा रात्री आठनंतर, वस्तीच्याच चौकात झाली पाहिजे.

पैशाची अडचण खोटी नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालील शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून ठेवली. २०१५ च्या अमृत योजनेत दोन्ही शहरे होती. तिच्यात हरित क्षेत्रांसाठी जास्तीत जास्त अडीच टक्के ठेवले होते. परंतु यातून एक विचित्र सवय जडली. योजनेचा पैसा बाग बांधण्यासाठी असतो, जगविण्यासाठी नसतो. मग फरशी, कमान, कारंजे आणि उद्घाटनाची कोनशिला यांवर तो खर्ची पडतो, कारण त्यांची मोजमापे घेऊन ठेकेदाराचे देयक काढता येते. माळ्याचा पगार, खत, पाण्याची पाळी यांसाठी दरवर्षी तरतूद करावी लागते आणि तिचे उद्घाटन करता येत नाही. मंजूर पदे न भरता माळ्याचे काम ठेक्यावर दिले की झाडाला ओळखणारे माणूसच उरत नाही.

लातूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलपासून मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते हे शहर. मांजरा धरण कोरडे पाहिलेल्या नगरीत विदेशी हिरवळीचे गालिचे अंथरण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांनी पाण्याचा हिशेबही द्यावा. या मातीत कडुनिंब, करंज, वड, पिंपळ दोन-तीन उन्हाळे सांभाळले की पुढे आपल्या बळावर उभे राहतात. हे वस्तीतल्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक आहे. तिला कोणी विचारलेले नाही.

दोन्ही सभागृहांकडून आमची अपेक्षा अवास्तव नाही. उद्याने व मैदाने यांसाठी आरक्षित असलेल्या प्रत्येक जागेचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, मालकी, कलम १२७ खालील नोटिशीची तारीख आणि आजची स्थिती यांची प्रभागवार यादी मराठीत तयार करून ती प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. नोटीस आलेल्या जागांच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष उघडावे आणि ती रक्कम अन्यत्र वळविण्यास सर्वसाधारण सभेच्या ठरावाखेरीज मनाई असावी. १९७५ च्या वृक्ष कायद्याने वृक्ष उपकर आकारण्याची मुभा दिली आहे; तो किती जमला आणि कशावर खर्च झाला हे त्याच भिंतीवर लिहावे. नवीन बाग मंजूर करण्यापूर्वी जुन्या बागांच्या माळ्यांची पदे भरावीत. सार्वजनिक जागेत प्रवेशशुल्क नको. आणि पुढील अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येण्याआधी प्रत्येक प्रभागात किमान एक क्षेत्रसभा भरवून, उद्यान-निधीपैकी त्या प्रभागाचा वाटा कोठे खर्च व्हावा याचा निर्णय तिच्यावर सोपवावा. गुंठेवारीच्या ज्या वस्त्यांत एक गुंठाही मोकळा नाही, त्यांची सभा सर्वांत आधी घ्यावी.