खारे पाणी कोणाच्या शेतात?

अलिबागच्या खारेपाटातील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या एकाच लढाईत खर्ची पडल्या : समुद्राचे खारे पाणी भातशेतीत शिरू द्यायचे नाही. बांध त्यांनी घातले, पीक मात्र खोताच्या कोठारात गेले. त्याविरुद्ध चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात नांगर खाली ठेवून संप लढवला.

आज त्याच तालुक्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले आणि बंगल्यांमागे खासगी जलतरण तलाव उभे आहेत. त्यातील नवी टूम म्हणजे मिठाच्या पाण्याचा तलाव. ‘नैसर्गिक पाणी, क्लोरीनपासून मुक्ती’ अशी त्याची भलावण होते. ही भलावण धादांत खोटी आहे. तलावात मीठ विरघळवून ते पाणी पंपाने वाळूच्या गाळणीतून आणि पुढे धातूच्या पट्ट्यांच्या विद्युतपेटीतून फिरवतात. तेथे विजेच्या प्रवाहाने मिठापासून क्लोरीनच तयार होतो. क्लोरीनचा डबा गेला आणि त्याचा कारखाना घरी आला, इतकेच.

आता हिशेब पाहावा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५,००० लिटर पाणी मावते. जल जीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे माप ठरवले. त्या मापाने हे पाणी पाच माणसांच्या कुटुंबाला नऊ महिने पुरेल. हजार लिटरला तीन ते चार किलो या प्रमाणात त्यात सव्वादोनशे ते तीनशे किलो मीठ पडते.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. गाळणीतील वाळू वरचेवर उलट प्रवाहाने धुवावी लागते. दर वेळी शेकडो लिटर खारे पाणी कुंपणाबाहेर जाते. कोकणचा दोन मीटर पाऊस उघड्या तलावात पडला की त्याच्या मापापेक्षा अधिक पाणी ओसंडते आणि मीठ घेऊन जाते. पावसाळा सरला की पुन्हा गोणी फुटतात. बांधाने अडवलेले खारेपण असे मागल्या दाराने शेतात आणि विहिरीत उतरते.

पट्ट्यांवर चुन्याचा थर चढतो आणि पाण्याचा सामू वाढत राहतो. दोन्हींवर उपाय तीव्र आम्लाचा. ते हाताळतो बंगल्याचा राखणदार. त्याला हातमोजे आणि चष्मा मिळतो का, हे पोहणारा विचारीत नाही.

‘पाणी आम्ही विकत घेतो,’ असे उत्तर मिळते. टँकरचे पाणी आकाशातून पडत नाही. ते कोणत्या तरी गावच्याच विहिरीतून उपसले जाते. महाडचे चवदार तळे याच जिल्ह्यातले. पाण्यावरील हक्क जातीने वा पैशाने ठरत नाही, तो माणूसपणाने ठरतो, हे तेथे १९२७ सालीच बजावले गेले आहे.

पोहण्याला विरोध असण्याचे कारण नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांनीही पोहावे. त्यासाठी सार्वजनिक तलाव हवेत. परंतु खासगी चैनीची किंमत शेजारच्या शेताने का मोजावी? कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत : प्रत्येक खासगी तलावाची आणि त्याच्या पाण्याची नोंद व्हावी; खारे पाणी शेताकडे वा विहिरीकडे सोडण्यास बंदी असावी, ते मालकाच्या खर्चाने भरतीच्या खाडीपर्यंत न्यावे; आम्ल हाताळणाऱ्या कामगाराला संरक्षक साधने आणि किमान वेतन मिळावे.

खोत गेला. त्याच्या जागी आलेल्या नव्या मालकाला बांधाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे गावानेच सांगितले पाहिजे.