आधी गवत बघा, मग एचपी विचारा

मुळशी, मावळ, कर्जत, पाली या पट्ट्यात शनिवार-रविवारी जी नवी शेतकरी जमात अवतरते, तिच्याबद्दल हे लिहितोय. सातबाऱ्यावर नाव चढलं, कुंपण झालं, गेटवर इंग्रजी पाटी लागली, की या मंडळींना ट्रॅक्टरचे डोहाळे लागतात. छोटा, देखणा, लाल नाहीतर केशरी. सोबत गवत कापायचं ‘काहीतरी’. माझा चोवीस एचपीचा ट्रॅक्टर या भागात भाड्याने फिरतो, म्हणून सल्ल्याला माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: “काका, किती एचपीचा घेऊ?”

मी विचारतो, गवत कसलं आहे? समोर शांतता. उंची किती होते? शांतता. कापून त्याचं करणार काय? आता चेहऱ्यावर थोडा राग. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला रस्त्याबद्दल विचारलं, म्हणजे त्याचा अपमानच केला की!

तर गवताबद्दल बोलू. आमच्याकडे पाऊस चार महिने कोसळतो. ताम्हिणीच्या बाजूला मोसमात पाच हजार मिलिमीटर ओलांडले तरी कुणी पेपरात वाचायला धावत नाही. त्या पाण्यावर गणपतीपर्यंत गवत कमरेला लागतं, नवरात्रात माणूस त्यात दिसेनासा होतो, दिवाळीनंतर ते वाळतं आणि माघ-फाल्गुनात एका विडीच्या थोटकाने अख्खा डोंगर काळा होतो. त्यात नुसतं गवत नसतं. टाकळा असतो, रानमोडी असते, घाणेरीची लाकडासारखी खोडं असतात, आणि या सगळ्याखाली दडून बसलेले दगड असतात. हे सगळं कापायचंय. शोरूममध्ये तुम्हाला दाखवलेली ती बसून चालवायची, स्टिअरिंगवाली लॉन मूवर यातलं काय कापणार? तिची पाती बोटभर वाढलेल्या, दर आठवड्याला राखलेल्या हिरवळीसाठी असतात. एडविन बडिंग नावाच्या इंग्रज माणसाने १८३० साली गवत कापायचं पहिलं यंत्र काढलं, ते गिरणीत कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून सुचून. लव छाटायची ती वस्तू तुम्ही कारवीच्या डोंगराला लावताय.

ट्रॅक्टरमागे गवतासाठी जोडायची अवजारं मोजकी आहेत, पण त्यांच्यातला फरक विक्रेता सांगत नाही, कारण त्यालाही तो ठाऊक नसतो. स्लॅशर म्हणजे आडवी फिरणारी दोन जाड पाती. कमरेएवढं गवत, बोटाएवढी खोडं झोडपून काढतो, स्वस्त पडतो, आणि दगड लागला की बंदुकीच्या गोळीसारखा भिरकावतो. मल्चरमध्ये आडव्या दांड्यावर कितीतरी छोटी पाती किंवा हातोडे असतात. तो गवताचा भुगा करून तिथेच पसरतो, दगड कमी उडवतो, पण ताकद जास्त खातो आणि महाग असतो. तिसरी डावीकडे-उजवीकडे सरकणाऱ्या पात्यांची पट्टी, रीपरसारखी. ती गवत बुडातून अख्खं कापते. जनावरांना घालायचं असेल तर हीच हवी, कारण मल्चरचा मातीत मिसळलेला भुगा कुठलीही म्हैस तोंडात धरणार नाही. म्हणजे गवताचं काय करायचं हे ठरल्याशिवाय अवजार ठरत नाही, आणि अवजार ठरल्याशिवाय ट्रॅक्टर ठरत नाही. आमचे पाहुणे नेमके उलटे चालतात: आधी रंग, मग एचपी, मग हप्ता, आणि गवत थेट पुढच्या भाद्रपदात.

एचपीचंही ऐकून घ्या, एवढं वेड आहे तर. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. अवजार फिरतं पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावर, आणि तिथे पोचेपर्यंत त्यातला बराच वाटा गळतो. पंधरा एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर अकरा-बारा मिळतात. स्लॅशरला फुटामागे पाच एचपी धरतात. म्हणजे तुमचा पंधराचा गडी जेमतेम अडीच फुटी स्लॅशर ओढणार. त्याच्या मागच्या चाकांची बाहेरून रुंदी मात्र तीन फुटांच्या आसपास. म्हणजे न कापलेलं गवत चाकाखाली आडवं होणार, आणि आडवं झालेलं गवत पुढच्या फेरीत पात्याला सापडत नाही. कापणी झाल्यावर रान असं दिसतं, की न्हाव्याला अर्ध्यातून कुणीतरी बोलावून नेलंय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट क्लचची, आणि ती मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने आपणहून विचारलेली नाही. स्वस्तातल्या मिनी ट्रॅक्टरला बहुधा सिंगल क्लच असतो. पाय दाबला की ट्रॅक्टरही थांबतो आणि पीटीओही सुटतो. दाट गवतात नेमकं याच्या उलट हवं असतं: ट्रॅक्टर क्षणभर थांबावा आणि पाती फिरत राहावीत. बरं, स्लॅशरची जड पाती वेगात असतात. क्लच दाबला तरी ती आपल्या झोकात पीटीओमार्फत ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात. समोर बांध असेल, विहीर असेल, तरीही. मध्ये ओव्हररनिंग क्लच बसवला तर हे टळतं. तो काही फार महाग नसतो. फक्त ‘पॅकेज’मध्ये नसतो. पॅकेजमध्ये छत्री असते, सीट कव्हर असतं, आणि पुढे लावायला झेंडूचा हार.

उतारावर मात्र चेष्टा पुरे. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणूनच तो बागेत शिरतो, आणि म्हणूनच आडव्या उतारावर लवकर कलंडतो. मागे जड मल्चर उचलला आणि पुढे वजनं लावलेली नसली, तर चढावर पुढची चाकं उचलली जातात. उलटल्यावर ड्रायव्हरचा जीव वाचवणारी लोखंडी चौकट स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर सक्तीची केली. आपल्याकडे छोट्या ट्रॅक्टरवर चौकटीच्या जागी छत्री दिसते आणि सीटबेल्टच्या जागी मडगार्डवर बसलेली पोरं. आणि हे यंत्र चालवतं कोण? मालक पहिल्या रविवारी, फोटोपुरतं. पुढे चालवतात ते राखणदार मामा, महिन्याच्या पगारावर, पायात स्लीपर. ट्रॅक्टर निवडताना त्या मामांना शोरूममध्ये नेलेला मालक मी अजून पाहिला नाही.

आता हिशोब. अडीच एकर धरू. चार फुटी अवजार, तासाला तीन किलोमीटरचा वेग, वळणं आणि अडथळे धरून तासाला पाऊण एकराच्या आतच कापणी होते. म्हणजे अडीच एकराला चार तास. वर्षातून तीनदा कापलं तर बारा तास. चोवीस एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह आणि मागचं अवजार मिळून सहा लाख धरू. दहा वर्षं वापरला तरी वर्षाला साठ हजार, तासाला पाच हजार रुपये. यात डिझेल नाही, व्याज नाही, विमा नाही. उरलेला सगळा वेळ ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. तिथे बॅटरी मरते आणि उंदीर वायरिंग खातात. उंदराला फोर व्हील ड्राइव्हचं कौतुक नसतं.

मला भाडं मिळावं म्हणून मी हे बोलतो, असं म्हणणारे आहेत. म्हणोत. अडीच एकराच्या कुंपणात वळणं घेत, पाण्याच्या पाइपा चुकवत कापायला मला अजिबात परवडत नाही. मी टाळाटाळच करतो. एवढ्या जमिनीला खांद्यावरचा ग्रासकटर पुरतो. त्याला तारेऐवजी पातं लावा, पेट्रोलमध्ये ऑइल कंपनी सांगते त्याच मापाने घाला, आणि चालवणाऱ्याला चष्मा न् गमबूट घेऊन द्या. झालं. नाहीतर जवळच्या वाडीतल्या गवळ्याला सांगा. पूर्वी याच डोंगरातलं गवत कापून, पेंढ्या बांधून, गंजी रचून वर्षभर पुरवलं जायचं. आज तोच गवळी कुंपणाबाहेर म्हशी घेऊन उभा असतो, आणि आतला साहेब गवत नाहीसं करायला सहा लाखांचं कर्ज काढत असतो.

यांतले काही तर त्याहून थोर. ते आधी असलेलं गवत उपटतात, मग ‘मेक्सिकन’ची लॉन लावतात, मग आठ महिने तिला बोअरचं पाणी पाजतात, आणि मग ती कापायला यंत्र शोधतात. काहींना विक्रेता सांगतो, “साहेब, मूवर कशाला, रोटाव्हेटर फिरवा, गवताचं नावच राहणार नाही.” खरं आहे. मातीचंही राहत नाही. जूनच्या तोंडावर उतार भुसभुशीत करून ठेवला की पहिल्या दोन पावसांत वरचा थर ओढ्यात, आणि आंब्याची वरवरची तंतुमुळं तुटलेली. मग तेच साहेब कृषी अधिकाऱ्याला विचारतात, कलमं का पिवळी पडली?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, तेव्हापासून हा ज्वर वाढलाय. स्वस्त झालं म्हणून गरज वाढते, हे मला कपड्यांच्या सेलमध्ये समजतं. अनुदानाचंही तेच. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेला, खरोखर बैल विकलेला माणूस एकीकडे, आणि त्याच रांगेत हे शनिवार-रविवारचे साहेब. कायद्याने दोघेही शेतकरी. माझी तक्रार कायद्याकडे नाही, लाजेकडे आहे.

छोटा ट्रॅक्टर ज्यांना खरंच हवा आहे, असेही लोक आहेत. नाशिकच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर ओढायला अरुंद ट्रॅक्टरच लागतो आणि तो वर्षभर राबतो. दहा-बारा एकर आंबा-काजू असेल, मधलं गवत कापून आच्छादन करायचं असेल, फवारणी आणि वाहतूकही त्यावरच असेल, तर घ्या. चोवीसच्या आसपासचा, फोर व्हील ड्राइव्ह, डबल क्लच, वर चौकट, पुढे वजनं, मागे चाकांची रुंदी झाकणारा मल्चर. कुठल्या कंपनीचा, हे मला विचारू नका. पावसाळ्यात बिघडला तर कुणाचा मेकॅनिक दोन दिवसांत येतो, ते गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा.

आणि डेमो शोरूमच्या सिमेंटच्या अंगणात बघू नका. भाद्रपदात बघा, तुमच्या स्वतःच्या उतारावर, कमरेएवढ्या ओल्या गवतात, स्टिअरिंगवर तुमचे मामा. विक्रेता म्हणेल, “साहेब, एवढ्या लांब गाडी पाठवणं जमत नाही हो.” मग उठा. रस्त्यापलीकडे दुसऱ्या रंगाचं दुकान असतंच.