गाडी आपली, टाकी सरकारची

दिवाळीचा पाडवा हा बळीराजाचा दिवस. पूर्वी या दिवशी व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या सुरू होत आणि घराघरांत गुंजभर का होईना, सोने येई. अलीकडे सोन्याच्या बरोबरीने गाडीने मान मिळवला आहे. आमच्या बारामतीत पाडव्याच्या सकाळी भिगवण रस्त्याने एक चक्कर मारावी. दुकानांपुढे झेंडूचे हार घातलेल्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. गृहिणी हळदकुंकू वाहते, चाकाखाली लिंबू जाते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. या आनंदात दुकानदाराने हाती दिलेला हिशेबाचा कागद मात्र सहसा कोणी वाचत नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय खिशात घालायचा नाही, ही आमच्या धंद्याची खोड.

संस्कृतात ‘बलि’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘कर’ असाच आहे. प्रजेने राजाला द्यायचा भाग तो बलि. तेव्हा बळीच्या दिवशी गाडी घेणारा गृहस्थ देवाला नारळ आणि सरकारला बलि असे दोन्ही वाहून घरी येतो, असे म्हटले तर ती नुसती शाब्दिक कोटी ठरू नये.

कागदावर पहिला बलि जीएसटीचा. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवर तो २८ टक्के होता. २०२५ च्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, तो १८ टक्क्यांवर आला. दुसरा बलि राज्याच्या वाहन कराचा. त्याचा कायदा १९५८ सालचा. २०२५ मधले दर पाहिले तर शंभर ते २९९ सीसीच्या दुचाकीला किमतीच्या ११ टक्के आणि दहा लाखांपर्यंतच्या खासगी मोटारीला पेट्रोलची असेल तर ११, डिझेलची असेल तर १३ टक्के. हा एकरकमी भरून आपण मोकळे होतो. निदान तसे आपल्याला वाटते. पण गाडी ही दावणीच्या गाईसारखी थोडीच आहे? गाय खाते आणि दूध देते. गाडी नुसती पिते; आणि तिच्या प्रत्येक घोटाबरोबर आपण पुन्हा कर भरतो.

आता हेच पाहा. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने अबकारी कर वाढवला, तेव्हा लिटरभर पेट्रोलवर केंद्राचे २१ रुपये ९० पैसे झाले. त्यातला राज्यांशी वाटून घ्यावा लागणारा मूळ अबकारी कर फक्त १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे उपकर आणि अधिभार, म्हणजे एकट्या केंद्राचे. त्यावर महाराष्ट्राचा व्हॅट २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. यातली गंमत अशी की हा २५ टक्के व्हॅट केंद्राचा कर धरून होणाऱ्या किमतीवर लागतो; म्हणजे करावर कर. समजा, उद्या अरबस्तानातल्या कोणा शेखाने आपल्याला तेल फुकट दिले, ते शुद्ध करणाराने मजुरी घेतली नाही आणि पंपवाल्यानेही आपले कमिशन सोडले. तरी या हिशेबाने आपल्याला लिटरमागे सुमारे साडेबत्तीस रुपये मोजावे लागतील!

हे असे दोन यजमान पेट्रोलच्या मागे लागले कधी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक ओळखीचे नाव भेटते: बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे हे पहिले कुलगुरू. तिथल्या जयकर ग्रंथालयात आमच्या पिढीने एम. ए.ची टिपणे काढली. पण त्या नावाचा पेट्रोलशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला आली नसेल. १९२७ साली इंग्रज सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर होते. चांगले रस्ते बांधणे प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपणारे नाही, ते देशाचे काम आहे, आणि त्याचा खर्च मोटारी वापरणाऱ्यांच्या पेट्रोलवर जादा कर बसवून काढावा, असा समितीचा अभिप्राय पडला. त्याप्रमाणे १९२९ च्या मार्चपासून गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन मध्यवर्ती रस्ता निधी सुरू झाला. गॅलन म्हणजे साडेचार लिटर. ज्याची मोटार रस्ता झिजवते त्याने रस्त्यासाठी द्यावे, आणि दिलेले त्याला रस्त्याच्या रूपाने परत मिळावे, इतका हा सरळ व्यवहार होता.

पुढे १९३८ मध्ये नागपूरला राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच टक्के कर बसवला. केंद्राने हरकत घेतली: अबकारी आमची, प्रांताने त्यात हात घालू नये. प्रकरण नव्या फेडरल कोर्टापुढे गेले. तिथे तीन न्यायमूर्तींत एक पुन्हा जयकरच! कोर्टाने निर्णय दिला की माल तयार होतो तेव्हाचा कर केंद्राचा आणि तो विकला जातो तेव्हाचा कर प्रांताचा. दोघांनाही आपापला अधिकार आहे. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख होता. गिऱ्हाइकाच्या खिशात मात्र तेव्हापासून दोन हात जाऊ लागले. २०१७ मध्ये जीएसटी आला, साऱ्या देशाला एक कर झाला. पण पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले. दुभती गाय कोण सोडतो?

आता कोणी म्हणेल, कर आहे म्हणून रडता काय? युरोपात जाऊन पाहा. पाहिले. माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. तिथे लिटरभर पेट्रोलवर नुसता इंधन कर साडेपासष्ट सेंटच्या आसपास आहे. आपल्या पैशांत साठ-पासष्ट रुपयांच्या घरात. शिवाय त्यावर १९ टक्के व्हॅट; करावर कर लावण्याची विद्या तिथेही आहेच. डेन्मार्कमध्ये पेट्रोलची नवी मोटार घ्यायची तर किमतीच्या वरच्या टप्प्यावर दीडशे टक्के नोंदणी कर पडतो. भाच्याला मी विचारले, “अरे, मग तुमचे भागते कसे?” तो म्हणाला, “मामा, पेट्रोल महाग आहे हे खरं. पण मला ते घ्यावंच लागत नाही. दाराशी ट्राम आहे.” त्याच्या देशाने २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोचा महिन्याचा पास काढला; त्यावर देशभरच्या ट्राम, बस आणि साध्या गाड्यांतून हिंडता येऊ लागले. पासाची किंमत पुढे वाढली, पण सोय राहिली.

भाच्याच्या या एका वाक्यात सगळे मर्म आहे. महाग पेट्रोल हे ज्याला दुसरी वाट आहे त्याच्यासाठी शहाणपणाचा इशारा असते. ज्याला नाही त्याच्यासाठी तो दंड होतो. युरोपातही हे दिसून आले. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, त्याचे निमित्त इंधनावरचा वाढता करच होता. अपघातात माणूस दिसावा म्हणून प्रत्येक मोटारीत ठेवावे लागणारे ते पिवळे जाकीट घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले. त्यांत खेड्यापाड्यांतले आणि लहान गावांतले लोक मोठ्या संख्येने होते. कामाला जायचे तर मोटारीवाचून ज्यांचे चालत नव्हते असे. पॅरिसमधल्या माणसाच्या पायाखाली भुयारी रेल्वे होती, यांच्या दारात काहीच नव्हते. शेवटी डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षीची करवाढ मागे घेतली.

आता फ्रान्समधून इंदापुरास येऊ. मी राहतो बारामतीला आणि शिकवतो इंदापुरात. मधला रस्ता पिंपळी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असा जातो. हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. २०२१ साली त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. आपण भरलेला कर मोठ्या रस्त्यावर दिसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पालखीच्या रस्त्यापासून आठ-दहा किलोमीटर आत वळा. तिथे वस्त्यांवर राहणारी माणसे आहेत, त्यांची मुले कॉलेजात आहेत. इंदापूर शहराला रेल्वे नाही. तालुक्यातल्या भिगवणला आहे, पण ती एका टोकाला. राहता राहिली एस. टी.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. पेट्रोल त्या वेळी लिटरला शंभराच्या वर गेलेले होते. केंद्राने ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेट्रोलवरचे पाच आणि डिझेलवरचे दहा रुपये उतरवले, तरी ते शंभराच्या आत आले नाही. माझ्या वर्गात तेव्हा एक मुलगी होती. तिची वस्ती इंदापूरपासून अठरा किलोमीटरवर. एस. टी.चा सवलतीचा पास तिच्याजवळ होता, गाडी नव्हती. वडील मोटारसायकलवरून सोडायला येत, घरी जात, दुपारी पुन्हा न्यायला येत. दिवसाला बहात्तर किलोमीटर, म्हणजे दीड लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे दीडशेच्या वर रुपये. एकदा ते मला भेटले. म्हणाले, “सर, फीचं काय न्हाय. फी वर्साला एकदा भरायची. ह्ये पेट्रोल रोज लागतंय. तिघंजण दुधावर जगतो आमी.” पुढे ती मुलगी आठवड्यातून तीन दिवस येऊ लागली, मग दोन. तिचा भाऊ दुसऱ्या कॉलेजात होता. तो मित्राच्या गाडीवर मागे बसून जाई. मुलीला तसे कोणाच्या मागे बसून जाता येत नव्हते. कात्री लागली ती तिच्याच शिक्षणाला. गाड्या सुरू झाल्या तेव्हा ती पुन्हा रोज येऊ लागली आणि पदवीधर झाली, हे सांगायला मला आनंद वाटतो. पण सगळ्याच मुली अशा परत येत नाहीत. हजेरीच्या पटावर त्यांच्या नावापुढच्या रिकाम्या चौकटी मी पाहिलेल्या आहेत.

त्या वडिलांनी पंपावर मोजलेल्या प्रत्येक लिटरमागे सरकारला मिळाले तेवढेच पैसे पुण्याच्या प्रभात रस्त्यावरचा मोटारवाला देत होता. आयकराला उत्पन्न दिसते. पेट्रोलच्या कराला माणूस दिसत नाही, फक्त लिटर दिसतात. पुण्यात बस आहे, २०२२ च्या मार्चपासून मेट्रोही आहे. वस्तीवरच्या माणसाला पेट्रोलवाचून गत्यंतर नाही, म्हणून तो मिळकतीच्या मानाने कितीतरी जास्त भरतो. डिझेलचेही तेच. २०२१ च्या अर्थसंकल्पात शेतीच्या सोयींसाठी म्हणून उपकर निघाला, तो पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये आणि डिझेलवर चार. म्हणजे शेतीच्या भल्यासाठी अधिक कर कोणी द्यायचा, तर ज्याचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो त्यानेच!

कालिदासाने रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य पाणी शोषून घेतो ते हजारपटींनी परत देण्यासाठी. वर्गात हा दाखला दिला की मुले हसतात, कारण आमचा भाग पर्जन्यछायेतला. सूर्य शोषून घेतो हे त्यांना रोज दिसते. परत देतो तो कुठे, हा त्यांचा प्रश्न असतो. २०१५ साली दुष्काळ पडला, उजनीचा उपयुक्त साठा संपला, तेव्हा दुष्काळ निवारणासाठी म्हणून राज्याने ऑक्टोबरात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. म्हणजे जो दुष्काळात होरपळत होता, त्यानेही पंपावर दुष्काळासाठी पैसे मोजले. पुढे पावसाची वर्षे आली. लिटरवरचा अधिभार कधी कमी, कधी जास्त होत या ना त्या नावाने राहिलाच.

माझे म्हणणे कर नको असे नाही. आपले बहुतेक खनिज तेल परदेशातून येते. ते जपून वापरावे म्हणून ते महाग ठेवण्यात अर्थ आहे. रस्ते, शाळा, दवाखाने यांना पैसा लागतो. परंतु जयकरांच्या समितीने घालून दिलेला व्यवहार विसरू नये. त्या काळी मोटारवाल्याकडून घेऊन रस्त्याला द्यायचे होते. आज खेड्यातल्या दुचाकीवाल्याकडून घेतो, तर त्याच्या वस्तीवर वेळेवर येणारी गाडी हे त्याला परत द्यायचे पहिले देणे आहे. आपण उलट एस. टी.च्या उतारूकडूनही साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलो आहोत. जी गाडी पेट्रोल वाचवते, तिच्यावर कर कशासाठी? लिटरमागच्या करातला ठरावीक वाटा आडगावच्या एस. टी. फेऱ्यांसाठी बाजूला काढून ठेवावा, आणि तो कुठे खर्च झाला याचा हिशेब दरसाल तालुक्याच्या स्थानकावर लावावा. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

शहरातल्या वाचकांना एवढीच विनंती की, पेट्रोल दोन रुपयांनी वाढले किंवा उतरले म्हणून घरी चर्चा होईल तेव्हा ‘आपल्याला महिन्याला किती फरक पडेल’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या पैशांतून कोणत्या वस्तीवर सकाळी सातची गाडी सुरू झाली? आमदार-खासदार दिवाळीच्या फराळाला आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांनाही विचारावा. खेड्यातला बाप तो विचारू शकत नाही असे नाही. पण त्या वेळी तो बहुधा मुलीला आणायला रस्त्यावर असतो.