शिळेवरचा स्वर्ग

महाराष्ट्राच्या शिल्पवैभवाची चर्चा वेरूळच्या कैलासापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. गावाच्या वेशीवर किंवा शिवालयाच्या आवारात शेंदूर फासून उभ्या असलेल्या मध्ययुगीन वीरगळांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. समाजवादी कार्यकर्त्याने तरी ते पाहावेत. राजांच्या देवालयांत न दिसणारा समाज या ओबडधोबड शिळांवर दिसतो.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत वीर लढत असतो किंवा धारातीर्थी पडलेला असतो. शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर गोधन राखताना त्याला मरण आले असे समजावे. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावरचे चंद्रसूर्य ही कीर्ती आचंद्रार्क टिकेल अशी ग्वाही देतात. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. तेराव्या शतकातील शिलाहार-यादव संघर्षाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. राजांची नावे इतिहासात राहिली. वल्ही मारणाऱ्यांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

गावाची कृतज्ञता खोटी नव्हती, वीराचे शौर्यही खोटे नव्हते. परंतु स्वर्गाची चौकट कोरली गेली की हे मरण कोणासाठी, हा प्रश्न मिटतो. मागे राहिलेल्या मुलाबाळांचे काय झाले, याविषयी शिळा बहुधा मूकच असते.

सतीशिळेवर हे अधिकच उघड होते. तेथे कोपरात वळलेला स्त्रीचा हात असतो आणि मनगटात न फुटलेल्या बांगड्या असतात. त्या अखंड सौभाग्याचे चिन्ह होत. ज्वाळांतल्या वेदनेचा मात्र त्या हातावर मागमूस नसतो. हे प्रतीक दगडातच राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. १९८७ साली राजस्थानात देवराळा येथे अठरा वर्षांची रूपकुंवर चितेवर जळाली आणि तिच्या चुनरी महोत्सवाला प्रचंड जनसमुदाय लोटला. सतीच्या उदात्तीकरणाला गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी करावा लागला.

म्हणून या शिळा फोडू नयेत, पुजूही नयेत, त्या वाचाव्यात. रस्तारुंदीत आणि मंदिरांच्या जीर्णोद्धारात त्या नाहीशा होण्याआधी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील शिळांची नोंद करावी आणि अभ्यासवर्ग त्यांच्यासमोरच भरवावा. माणसाला मरणाच्या बदल्यात स्वर्ग देणारी व्यवस्था ओळखायला याहून चांगला धडा मिळणार नाही.