फुटबॉल संघातील विद्यार्थ्यांची उपस्थिती, परीक्षा व दिनक्रम यांविषयी निवेदन

प्रति,
सन्माननीय प्राचार्य महोदय,
यांचे सेवेसी.

अर्जदार : महाविद्यालयाच्या पुरुष व महिला फुटबॉल संघांतील खेळाडू विद्यार्थी, कोल्हापूर.

विषय : महाविद्यालयाच्या आज्ञेने सामन्यांस गेलेल्या दिवसांची उपस्थिती मान्य होणे, बुडालेल्या चाचण्यांची व प्रात्यक्षिकांची फेरव्यवस्था होणे आणि तत्संबंधी इतर मागण्या.

महोदय,



गेल्या सत्रातील एका बुधवारी महाविद्यालयाच्या दोन दप्तरांत आमच्याविषयी दोन नोंदी झाल्या. जिमखान्याच्या फाइलीत आपल्या सहीशिक्क्याचे पत्र आहे. त्यात अठरा खेळाडूंची नावे अनुक्रमाने लिहिलेली असून, हे विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी पाठविण्यात येत आहेत, असा स्पष्ट मजकूर आहे. त्याच बुधवारच्या हजेरीपटात मात्र त्याच अठरा नावांसमोर गैरहजेरीची तांबडी खूण आहे. ज्यांना महाविद्यालयाने स्वतः पाठविले, त्यांनाच महाविद्यालयाने गैरहजर ठरविले. या दोन नोंदींपैकी खरी कोणती मानावी, हाच आमचा मूळ प्रश्न असून पुढील सर्व मागण्या त्यातूनच निघालेल्या आहेत.

आरंभीच नम्रपणे नमूद करतो की, आम्हांस गुणांची खिरापत नको आहे, सोपी प्रश्नपत्रिका नको आहे आणि अभ्यासातून सूटही नको आहे. आम्ही मागतो तो वेळ. आणि तोही नवा नव्हे, तर महाविद्यालयाच्या कामी खर्ची पडलेला आमचाच वेळ, योग्य त्या खात्यावर जमा व्हावा इतकेच.

आमचा दिवस कसा जातो, हे आपणांस दुरून दिसत असले तरी जवळून पाहण्याचा प्रसंग आला नसेल, म्हणून थोडक्यात निवेदन करतो. वसतिगृहात पहाटे पावणेपाचला गजर होतो; भोवतालच्या गावांहून येणाऱ्यांना पहिली एस.टी. गाठावयाची असल्याने ते त्याहीपूर्वी उठलेले असतात. साडेपाचला मैदानावर उतरल्यावर धावणे व अंग मोकळे करणे, त्यानंतर पासिंग, कॉर्नर व फ्री किक यांचा सराव आणि अखेरीस सहा-सहा जणांचा खेळ, असा क्रम साडेसातपर्यंत चालतो. आठला पहिले व्याख्यान असते. मधल्या अर्ध्या तासात स्नान करावयाचे, रात्री भिजत घातलेले हरभरे व दोन केळी खावयाची आणि चिखलाने जड झालेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते खिडकीत ठेवावयाचे. कारण बुटांचा दुसरा जोड बहुतेकांपाशी नाही आणि कोल्हापूरच्या श्रावणात एका दिवसात काहीच वाळत नाही. दुपारी प्रात्यक्षिके, सायंकाळी व्यायामशाळा, रात्री साडेआठला खानावळ आणि मग साडेदहाला दारे बंद होईपर्यंत अभ्यासिका, अशा या दिनक्रमात अभ्यासाच्या वाट्याला जे दीड-पावणेदोन तास येतात, तेही थकलेल्या शरीराने काढावे लागतात. नव्वद मिनिटांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतील खेळाडू दहा-अकरा किलोमीटर अंतर धावतो, हे लक्षात घेतले म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या व्याख्यानाला ज्याच्या पापण्या जड होतात, त्याच्या ठायी अभ्यासाविषयी अनास्था आहे असा निष्कर्ष कोणीही सहृदय शिक्षक काढणार नाही.

तथापि या कष्टांविषयी आमची तक्रार नाही. ते आम्ही आपखुशीने पत्करलेले आहेत. तक्रार आहे ती हिशेबाविषयी. नव्वद दिवसांच्या सत्रात ७५ टक्के उपस्थितीचा नियम पाळावयाचा तर निदान ६८ दिवस वर्गात असले पाहिजे, म्हणजे अनुपस्थितीला जास्तीत जास्त २२ दिवसांचीच मुभा राहते. आमच्यापैकी ज्यांची गेल्या हंगामात विद्यापीठाच्या संघात निवड झाली, त्यांचे विभागीय सामन्यांत चार दिवस, निवड चाचणीत एक, पूर्वतयारीच्या शिबिरात दहा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत रेल्वेप्रवासासह नऊ, असे २४ दिवस गेले. म्हणजे एकही दिवस आजारपणाला न देता, एकही दिवस घरी न जाता, केवळ निवड झाली या कारणानेच ते नियमाबाहेर गेले. जो खेळाडू पहिल्याच फेरीत बाद होतो तो नियमात बसतो आणि जो जिंकत पुढे जातो तो परीक्षेला अपात्र होण्याच्या काठावर येऊन उभा राहतो. नियम करणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, याची आम्हांस खात्री आहे.

आमच्या महिला संघाची गोलरक्षक विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. ज्या दिवशी तिने विभागीय सामन्यात पेनल्टी अडविली आणि त्या विजयाचा फलक दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारापाशी लागला, त्याच दिवशी तिची रसायनशास्त्राची अंतर्गत प्रात्यक्षिक चाचणी झाली. तिचे जर्नल पूर्ण व प्रमाणित होते. चाचणी पुन्हा घ्यावी, कितीही कठीण घ्यावी, एवढीच विनंती तिने केली. तशी तरतूद नाही, असे उत्तर मिळाले आणि गुणपत्रकात शून्य आले. फलक पावसाने केव्हाच उतरला. शून्य मात्र कायम आहे.

खेळ आणि विद्या यांना एकमेकांचे वैरी मानण्याची रीत या करवीरनगरीची नव्हे. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून गोरगरिबांच्या मुलांसाठी येथे वसतिगृहे उभी करविली आणि १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्यांनीच १९१२ साली पूर्णत्वास गेलेले खासबागेचे कुस्ती मैदान या शहराला दिले. वसतिगृह आणि आखाडा, दोन्ही एकाच राजाच्या एकाच दृष्टीतून निर्माण झाली. पुढे तालमींच्या मातीत वाढलेल्या पेठांनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे येथे आजही तालमींची आणि फुटबॉल संघांची अशी दुहेरी आहेत आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसणारा प्रेक्षक आमच्या वडिलांच्याही परिचयाचा आहे. देशाचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० हेदेखील अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामध्ये भिंत असू नये, असेच सांगते. सबब आमची मागणी परंपरेलाही धरून आहे आणि चालू धोरणालाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे अवश्य वाटते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा या शहरातील घराघरांतील मुलांना आपलाही मार्ग दिसला. परंतु त्या उंचीवर पोहोचणारे थोडे, हे आम्ही जाणतो. आमच्यातील बहुतेकांचे आईवडील शेती, फौंड्री किंवा लहान दुकान यांवर घर चालवितात. उद्या त्या घराला आधार द्यावयाचा तो पदवीच्याच बळावर. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. परंतु जेथे पदवीची अट आहे, तेथे क्रीडा प्रमाणपत्राच्या जोडीला पदवी लागतेच. खेळामुळे पदवी हुकली तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग तरी काय? म्हणूनच खेळासाठी शिक्षण सोडावे किंवा शिक्षणासाठी खेळ सोडावा, असा पेच आमच्यापुढे टाकू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

उपरोक्त वस्तुस्थितीचा विचार होऊन पुढील मागण्या मान्य व्हाव्यात :

१. महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या लेखी आज्ञेने सामने, निवड चाचणी, शिबिर व तदर्थ प्रवास यांत गेलेले दिवस हजेरीपटात 'महाविद्यालयीन कार्यार्थ' असे नोंदवून उपस्थितीत धरावेत आणि जिमखान्याच्या पत्राची नक्कल त्याच दिवशी प्रत्येक विभागाकडे पोहोचविण्याची तजवीज व्हावी.

२. अशा दिवशी झालेली अंतर्गत चाचणी अथवा प्रात्यक्षिक खेळाडू परत आल्यापासून पंधरा दिवसांच्या मुदतीत, स्वतंत्र प्रश्नपत्रिकेवर व त्याच काटेकोरपणाने पुन्हा घ्यावे.

३. प्रत्येक सत्राच्या आरंभी परीक्षा समिती व जिमखाना यांची संयुक्त बैठक होऊन दोन्ही वेळापत्रके समोरासमोर ठेवावीत; विद्यापीठाच्या परीक्षेशी सामना येतच असेल, तर आपल्या शिफारशीचे पत्र मुदतीपूर्वी रवाना व्हावे.

४. प्रात्यक्षिकांच्या तुकड्या पाडताना खेळाडूंस दुपारची तुकडी मिळावी आणि बुडालेला भाग भरून काढण्यासाठी हंगामात रविवारी दोन तासांचे मार्गदर्शन मिळावे. त्या वर्गास हजर राहणे आम्हांवर बंधनकारक करावे.

५. वसतिगृहाच्या खानावळीत सरावाच्या दिवशी सकाळी दूध व अंडी किंवा मोड आलेली कडधान्ये मिळावीत आणि उशिरा परतणाऱ्यांचे ताट नऊ वाजेपर्यंत राखून ठेवावे.

६. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी व बर्फ सदैव असावा, आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट यावेत आणि सामन्यात झालेल्या दुखापतीचा खर्च महाविद्यालयाने उचलावा. गुडघ्याचा एसीएल तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास बहुधा नऊ महिने लागतात. अशा खेळाडूची उपस्थिती व वसतिगृहातील जागा या काळात सुरक्षित राहावी.

७. महिला संघासाठी मैदानालगत कपडे बदलण्याची बंदिस्त खोली, स्वच्छतागृह व दिवा यांची सोय व्हावी आणि सामन्याहून उशीर झाल्यास प्रशिक्षकांच्या पत्रावर त्यांना वसतिगृहात विनातक्रार प्रवेश मिळावा. आज त्या मैत्रिणींना जर्सीवर ओढणी गुंडाळून वर्गापर्यंत यावे लागते, ही गोष्ट आम्हां सर्वांना लाजिरवाणी वाटते.

हक्क मागणाऱ्याने आपली जबाबदारीही लिहून द्यावी, या न्यायाने आम्ही पुढील हमी देतो. पेठांच्या व तालमींच्या सामन्यांसाठी, ते आम्हांस कितीही प्रिय असले तरी, वरीलपैकी कोणतीही सवलत आम्ही मागणार नाही. दोन विषयांत अनुत्तीर्ण होणारा खेळाडू ते विषय सुटेपर्यंत संघातून आपण होऊन बाजूला होईल. सवलतीचा गैरवापर करणाऱ्यावर जी कारवाई होईल, तिच्या विरोधात संघ उभा राहणार नाही.

येत्या सत्राच्या प्रारंभापूर्वी आमच्या पाच प्रतिनिधींस भेटीची वेळ द्यावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. मान्य करण्याजोग्या सर्व गोष्टी एकदम होणार नाहीत, हे आम्ही समजतो. काही मागण्यांना पैसा लागेल, काहींना अवधी लागेल. पहिल्या मागणीला मात्र हजेरीपटातील एका नव्या रकान्यापलीकडे काही लागत नाही. पुढल्या वेळी आपल्या सहीचे पत्र घेऊन आम्ही मैदानाकडे निघू, तेव्हा आमच्या नावासमोर काय लिहिले जाणार, हे आम्हांस ठाऊक असावे. तेवढे ठाऊक असले म्हणजे सामनाही निर्धास्तपणे खेळता येईल आणि दुसऱ्या दिवशी वर्गातही मान वर करून बसता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले आज्ञाधारक,
पुरुष व महिला फुटबॉल संघांतील समस्त खेळाडू विद्यार्थी
(सह्या सोबतच्या पुरवणीत)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. मा. अध्यक्ष, महाविद्यालय विकास समिती
२. मा. जिमखाना प्रमुख
३. मा. वसतिगृह अधीक्षक