आधी हात, मग मशीन
भंडाऱ्यात डेंटल लॅब टाकायचीय? मग पहिल्याच दिवशी कर्ज काढून मिलिंग मशीन घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नागपूर साठेक किलोमीटरवर आहे. झिर्कोनियाचं मिलिंग तिथल्या लॅबकडून करून आणा. भट्टीत झिर्कोनिया सुमारे २० टक्के आकसतो, ते गणित मशीन सांभाळतं. पण सिरॅमिकचे थर देत अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनियर घडवणं, शेजारच्या दाताशी शेड जुळवणं हे हाताचं काम. पितळी भांड्यांच्या आपल्या गावाला हाताची किंमत वेगळी सांगायला नको!

आधी डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि नोंदणी करा. डॉक्टर मशीन बघत नाहीत, कॅप नीट बसते का ते बघतात. कॅप परत आली की नफा गेला, हप्ता मात्र थांबत नाही.