रात्रभर कुत्रा भुंकतोय, तक्रार कुठे करायची?

शेजारच्या अंगणातला कुत्रा रात्रभर भुंकतो आणि अख्ख्या आळीच्या झोपेचं खोबरं होतं. इंझोरीसारख्या (ता. मानोरा, जि. वाशिम) गावात अशा वेळी जायचं कुठे?

भुंकण्याविरुद्ध वेगळा कायदा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे खरी, पण त्यांचा रोख भोंगे, हॉर्न, फटाक्यांवर आहे.

कुत्रा पाळीव असेल तर आधी मालकाशी बोला, मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. त्रास एका घरापुरता नसून सगळ्या वस्तीला असेल, तर भारतीय न्याय संहितेतला ‘सार्वजनिक उपद्रव’ लागू होऊ शकतो. दंड १००० रुपयांपर्यंत. कुत्रा धोकादायक असेल तर उपविभागीय दंडाधिकारी त्याला कोंडून ठेवण्याचा आदेश देऊ शकतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२).

खरी अडचण मोकाट कुत्र्यांची. २०२३ च्या नियमांनुसार त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. म्हणजे ‘उचलून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडा’ ही लाडकी युक्ती नियमात बसत नाही. पण डॉक्टर, पिंजरे, गाडी छोट्या ग्रामपंचायतीने आणायची कुठून? ही सोय तालुका पातळीवरच व्हायला हवी. ग्रामसभेत तसा ठराव घेऊन तो पंचायत समितीकडे पाठवता येतो.

आणि विषाचा विचारही नको. जनावर मारल्यास न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.